अजून मळलं नाही

क्लासहून आली की तन्मयी
जीन्स थेट मशीनच्या तोंडात टाकते.
दोन तास घातलेली. बर्डीपर्यंत गेली होती फक्त,
तेही मेट्रोच्या एसीत बसून.
मी बाहेर काढते, नाकाशी धरते.
"आई, शी!"
शी काहून? नाक काय नुसतं फोडणीसाठी दिलं देवानं?
घामाचा वास वेगळा, दिवसाचा वेगळा.
घामाला पाणी लागतं.
दिवस मात्र, तर्रीचा, पेट्रोलचा, दुसऱ्याच्या सेंटचा,
गच्चीवर रात्रभर टांगला की आपणच उतरतो.

माझा बाप वरठी होता.
बेसा रोडच्या या सोसायटीत
कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर नाही.
नाल्याला लागून भट्टी, सोड्याचा वाफारा,
आणि कढईत उकळणारी अर्धी धरमपेठ,
वकिलाची पँट, मास्तरणीचं पातळ,
एरवी ओळख नसलेले, एकमेकांना बिलगून.
कॉलरच्या आत तो बिब्ब्यानं खूण करी.
दोन रेघा डॉक्टरांच्या, फुली बँकवाल्यांची,
ठिपका म्हणजे घरचं.
लिहिता येत नव्हतं नथ्थूजींना,
पण कुणाचं कुणाकडे कधी गेलं नाही.

मी नवव्या वर्गात असेन.
त्यानं एक पांढरा सदरा उजेडात धरला,
पाठीवरून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं.
"पाह्य. हा घालून नाही विरला, धुऊन विरला.
हप्त्यातून चारदा येते. मळ तं नसतेच.
कपड्याले घालणारा नाही मारत पोरी,
धुणारा मारते."
मग सांगत काहून नाही त्यायले?
तो हसला. चुलाण्यात एक लाकूड सारलं.
त्याच विस्तवावर, कढई उतरली की,
आमचा भात चढायचा.

त्याचे स्वतःचे सदरे दोन.
एक अंगात, एक खिळ्याला.
खिळ्यावरचा सुटीवर असायचा.

आता माझ्याही घरात दाराआड खिळे आहेत.
आतले कपडे, मोजे रोज, त्यात चर्चा नाही.
बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.
मे महिन्याची गोष्ट निराळी,
सेहेचाळीस डिग्रीत माणूसच भट्टी होतो,
तेव्हा सुती कुर्ता रात्री नुसत्या पाण्यातून काढायचा,
कूलरपुढे टांगायचा,
चहा होईपर्यंत वाळतो.
साबण कशाला? टँकर तिसऱ्या दिवशी येतो.

समोरच्या बोरकुटे मॅडम गॅलरीतून विचारतात,
"आज दोरी रिकामी? मशीन बिघडली का?"
नाही हो, धड आहे.
आराम करून राह्यली.

हेमराजनं कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला.
महिन्याच्या अकरा खेपा वाचल्या,
पोळ्याला आणलेला पुडा दिवाळी ओलांडून गेला,
विजेचं बिल दोनशे ऐंशीनं खाली.
म्हणाला, पैशासाठी करतेस तर.
हो, पैशासाठीच करते.
आणि इतवारच्या सकाळच्या त्या तासासाठी,
जेव्हा मी चिमटे तोंडात धरून दोरीखाली उभी असायची
आणि आता नसते.
त्या तासात काय करते?
काही नाही.
हे मात्र त्याच्या हिशोबात नव्हतं.

लग्नातला एक टॉवेल अजून आहे.
मध्ये जाळी झाली, काठ सुटले,
कोपऱ्यातला ठिपका तेवढा काळाभोर.
बिब्बा जात नाही.
कपडाच जातो आधी.

परवा रात्री पाणी प्यायला उठले
तर तन्मयी पॅसेजमध्ये उभी,
कुर्ता हातात, नाकाशी नेऊन थांबलेली.
मग ट्यूबलाइटकडे धरला.
पाठ, बगल, कॉलर.
काय ठरवलं कोण जाणे,
झटकला आणि खिळ्याला अडकवला.
मी दिवा न लावता मागे वळले.
खिळा जरा हललाय तो.
हेमराजला सांगायला पाहिजे.